वाकलेला टाय रॉड आणि कुंपणाचा अँगल

नागपूरहून अमरावती मार्गाने निघाले की साधारण पन्नास किलोमीटरवर कोंढाळी लागते. गावाच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून तीनेक किलोमीटर आत माझ्या एका मित्राच्या काकांची संत्र्याची बाग आहे आणि बागेच्या मागच्या अंगाला एक नाला आहे. हा नाला जानेवारीपासून कोरडा पडतो आणि मग त्याच्या पात्रात गोल, काळे, डोक्याएवढे दगड उघडे पडतात. नागपूर शहराच्या पूर्वेला फार जुने ग्नाइस खडक आहेत, तर पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट सुरू होतो. कोंढाळीकडचा दगड हा बेसाल्टच आहे. वरची साल कांद्यासारखी पापुद्र्यांनी सुटते, आतला गाभा मात्र घणालाही दाद देत नाही. पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात वाट सोडून गाडी घालता येत नाही आणि घालूही नये. त्यामुळे आमच्यासारख्या हौशी लोकांना असा खासगी जमिनीतला नाला आणि त्याला परवानगी देणारे काका मिळणे, ही भाग्याचीच गोष्ट होय.

माझी गाडी मारुतीची जिप्सी किंग आहे. जिप्सी आपल्याकडे १९८५ मध्ये आली, तिचे हे मोठ्या इंजिनाचे रूप १९९६ मध्ये निघाले, आणि पुढे २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादनच थांबले. तरीही नागपुरात तिची दुरुस्ती करणारे हात अजून शाबूत आहेत, कारण आसपासच्या सफारीच्या प्रवेशद्वारांवर वर्षानुवर्षे याच गाड्या उभ्या राहत आल्या. पुढे-मागे अखंड अॅक्सल, पट्ट्यांच्या स्प्रिंगा आणि पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही, अशी तिची साधी रचना आहे.

त्या दिवशी मी नाला चढत होतो. डावे पुढचे चाक एका गोल दगडावर चढले, माथ्यावर क्षणभर थांबले आणि पुढे उतरण्याऐवजी बाजूला घसरले. खालून एक बोदा आवाज आला, मोठा नव्हे, लाकडी दारावर मूठ आपटावी तसा. स्टिअरिंगला हातात एक हिसका बसला. माझे अंगठे चाकाच्या आऱ्यांत अडकलेले नव्हते, रिमवरच बाहेर टेकलेले होते, म्हणून ते वाचले. ही सवय मला एका जुन्या चालकाने लावली होती आणि तिचे कारण मला त्या क्षणी कळले. खाली उतरून पाहिले, तेव्हा दोन्ही चाके जोडणारा टाय रॉड मध्यभागी धनुष्यासारखा मागे झुकला होता. आवाज ऐकून बागेतून आलेले काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय झालं रे पोरा, चाकं तं एकमेकाकडे पाहून राहिले!"

त्यांचे निरीक्षण अचूक होते. जिप्सीत स्टिअरिंग बॉक्सला पिटमन आर्म नावाचा हलणारा हात असतो, त्यापासून ड्रॅग लिंक हा जोडदांडा निघतो आणि तो चाकांना वळवतो. एका चाकाचे वळणे दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचवण्याचे काम टाय रॉडकडे असते. हा दांडा अॅक्सलच्या पुढून आणि बराच खालून जातो. तो वाकला की त्याच्या दोन टोकांमधले अंतर कमी होते, चाकांचे पुढचे काठ आत ओढले जातात आणि गाडी सरळ न जाता दोन्ही टायर जमिनीवर घासत ढकलली जाते. दांडा अॅक्सलच्या मागे असलेल्या गाड्यांत नेमके उलटे होते, चाके बाहेर फाकतात. अशा अवस्थेत गाडी ओढत नेली तर वाटेत टायर जातात आणि टाय रॉडच्या टोकांचे बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळू शकणारे गोळ्याचे सांधेही निकामी होतात. म्हणून दुरुस्ती नाल्यातच करायची, असे ठरले.

आधी गाडीला दगड लावले. जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली शिरणे हा मूर्खपणा आहे, म्हणून अॅक्सलखाली लाकडाचे ओंडके रचले आणि मगच आडवा झालो. टाय रॉडच्या दोन्ही टोकांना खालून कॅसल नट, म्हणजे खाचा असलेला नट, आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन असते. डावीकडची पिन सहज निघाली. उजवीकडची गंजून नटातच मुरली होती, ती पकडीने वळवताना तुटली आणि उरलेला तुकडा खिळा ठोकून बाहेर काढावा लागला. नट पूर्ण काढायचा नसतो, बोल्टच्या टोकाशी बरोबरीत आणून ठेवायचा, म्हणजे हातोडी चुकली तर आटे वाचतात. बॉल जॉइंटचा खुंटा निमुळता असतो आणि तो आर्मच्या भोकात इतका घट्ट बसतो की खालून ठोकून तो हलत नाही. आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूने आडवा घाव घालायचा. डोळा क्षणभर अंडाकृती होतो आणि खुंटा सुटतो. पहिल्या सहा-सात घावांत काहीच झाले नाही, आठव्याला तो "टक्" असा सुटला. काट्याच्या आकाराची पाचर मारून हे काम झटपट होते खरे, पण त्यात जोडावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटते, आणि जवळ नवा बूट नसताना ती घाई परवडत नाही.

दांडा सरळ करायला जागा हवी होती. बांधावर एक जुनी बाभूळ होती, तिच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात दांड्याचा वाकलेला भाग अडकवला आणि मोकळ्या टोकावर पाच फुटांचा पाइप चढवून दोघांनी हळूहळू दाब दिला. एकाच जागी सगळा जोर लावला तर दांडा तिथे मोडतो, म्हणून दर वेळी तो बेचक्यात थोडा पुढे-मागे सरकवून थोडा-थोडा दाबत गेलो. काकांनी शेकोटी पेटवून दांडा तापवायचे सुचवले. मी नम्रपणे नकार दिला, कारण तापवलेले पोलाद कसे थंड झाले यावर त्याची ताकद बदलते आणि नाल्यातल्या शेकोटीत त्यावर कुणाचाच ताबा नसतो. थंडच सरळ केला. अर्ध्या तासाने दांडा डोळ्याला सरळ दिसू लागला, पण जिथे मुख्य बाक पडला होता तिथे बोट फिरवले की किंचित चपटेपणा लागत होता. एकदा वाकलेली जागा पुढच्या वेळी कमी जोरात वाकते, याची ती खूण होती.

त्या जागेला आधार हवा होता. काकांच्या बागेला लोखंडी अँगलचे खांब असलेले काटेरी तारेचे कुंपण आहे आणि त्यातला एक खांब नीलगाईने धडक देऊन आधीच तिरपा केला होता. काकांनी स्वतःच तो उपटून आणला. हॅकसॉने त्याचा अडीच फुटांचा तुकडा कापला, दांडा त्याच्या खाचेत बसवला, आणि गाडीत होते तेवढे होज क्लॅम्प आणि कुंपणाची जाड तार यांनी तो आवळून बांधला. बांधण्याआधी मात्र दांडा जागेवर बसवून चाकांचा टो, म्हणजे पुढच्या काठांचा आत-बाहेर कल, लावून घेतला, कारण अँगल बांधल्यावर दांडा फिरवता येत नाही. दांड्याच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. दांडा एका दिशेने फिरवला की दोन्ही टोके एकाच वेळी बाहेर सरकतात आणि दुसऱ्या दिशेने फिरवला की आत येतात. दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खुणा केल्या, त्यांमधले अंतर मोजले, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा समोर आणल्या आणि पुन्हा मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा चार मिलिमीटर कमी आल्यावर लॉकनट आवळले. ही गाडी दोन ते सहा मिलिमीटर टो-इनवर, म्हणजे पुढचे काठ तेवढे आत असताना, नीट चालते, त्यामुळे खडू आणि टेप एवढ्या साधनांवर मिळालेला हा आकडा मला पुरेसा वाटला. नवी स्प्लिट पिन एकच होती. दुसऱ्या बाजूला जाड तार ओवली. नटाची खाच भोकाशी जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही, हा नियम तिथेही पाळला.

परतीचा प्रवास ताशी तीस किलोमीटरने केला. बाजारगावजवळ थांबून पाहिले तेव्हा एक तार सैल झाली होती, ती पिळून घेतली; गोंडखैरीला पुन्हा पाहिले, सगळे जागेवर होते. महामार्गावरचे ट्रक मागून भोंगे वाजवत होते आणि मी डाव्या कडेने बैलगाडीच्या तोऱ्यात चाललो होतो.

नागपूरजवळच्या वाडीतल्या ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेतो, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी दांडा पाहिला, अँगल पाहिला आणि हसले. नवा दांडा घ्यावा, असे त्यांचे सरळ मत होते. मला मात्र पुन्हा वाकणार नाही असा दांडा हवा होता. माझे गणितही तयार होते. दाब सहन करणारा लांब दांडा तुटण्याआधी मधून वाकतो, आणि त्याचा हा प्रतिकार भरीव दांड्यात व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे व्यास सव्वापट केला की ताठरपणा जवळपास अडीचपट होतो. उस्तादांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, दांडा मजबूत कराल तं करा, पण ठोका कुठं ना कुठं जाईनच न." मी ते वाक्य ऐकले, पण मनावर घेतले नाही.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये एन-८ या प्रतीच्या पोलादाची जाड सळई कापून घेतली. दोन्ही टोकांना भोक पाडून आतून आटे पाडायचे होते. सरळ आट्यांचा टॅप त्यांच्याकडे होता, त्या मापाचा उलट्या आट्यांचा टॅप मात्र सापडेना. लेथवरच्या कारागिराने मग आटे कापण्याचे हत्यार भोकाच्या तळाशी नेऊन तिथून बाहेरच्या दिशेने चालवले. नेहमी आत जाणारे सॅडल (हत्यार वाहून नेणारा लेथचा भाग) त्या दिवशी उलटे धावत होते आणि प्रत्येक फेरीला हत्यार केसभर खोल जात होते. पाऊण तास मी त्या भोकातून निघणारा निळसर कीस पाहत उभा राहिलो. शेवटी टाय रॉडचे टोक हाताने फिरवत आत गेले, ना सैल ना अडखळत.

टोकांच्या बाबतीत मात्र मी फसलो. एका दुकानदाराने मूळ कंपनीच्या डब्यात घालून जे दिले, ते दोन महिन्यांत खडखडू लागले. रबरी बूट कडक होता, तो पहिल्याच नाल्यात चिरला, आत काळ्या मातीचा गाळ शिरला आणि ग्रीसमध्ये मिसळून त्याची घासणारी लापशी झाली. आपली काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि ओली असताना प्रत्येक फटीत शिरते; बॉल जॉइंटचा खरा शत्रू दगड नसून हीच माती आहे, असे माझे मत तेव्हापासून बनले आहे. आता मी खरेदी करतानाच बूट दोन बोटांत चिमटून पाहतो आणि खुंटा हाताने फिरवतो. तो जड, एकसारखा फिरला पाहिजे, एखाद्या जागी मोकळा वाटला की डबा परत करतो.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये कळमेश्वरकडच्या एका शेतात तोच प्रकार पुन्हा झाला. चाक घसरले, दांडा दगडावर आपटला, आवाज आधीपेक्षा कोरडा आणि धारदार आला. खाली वाकून पाहिले तर माझ्या दांड्याला खरचटल्याची चकाकती रेघ होती, बाक नावालाही नव्हता. मी खूश होऊन घरी आलो.

दोन आठवड्यांनी वर्धा मार्गावर गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे भटकते आहे असे वाटू लागले. उस्तादांनी गाडी चारही चाकांवर जमिनीवरच उभी ठेवली, मला आत बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडे-थोडे हलवत राहायला सांगितले आणि स्वतः खाली शिरून प्रत्येक जोडावर हात ठेवत गेले. चाके हवेत लटकवून हा दोष सापडत नाही, वजन चाकांवर असतानाच जोडांतली मोकळीक हाताला लागते. टाय रॉडची टोके ठीक, ड्रॅग लिंक ठीक. मग त्यांनी मला खाली बोलावून टॉर्च धरली. स्टिअरिंग बॉक्स ज्या जागी चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने बसवलेला असतो, तिथे वरच्या बोल्टच्या भोकापासून एक गंजाची बारीक, तांबूस रेघ खाली उतरत होती. स्टिअरिंग फिरवले की रेघ उघडायची, सोडले की मिटायची. बॉक्स स्वतःच श्वास घेत होता म्हणा ना.

ठोका कुठे गेला ते माझ्या समोर होते. आधीच्या वेळी दांड्याने वाकून जो मार गिळला, तो या वेळी ताठ दांड्याने मागे पोहोचवला. माझ्या गाडीवर मूळच्या २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर आहेत, म्हणजे व्यास सुमारे ६६८ वरून ७३३ मिलिमीटरवर गेला आहे, आणि रुंद रिममुळे चाकाचा मध्य वळण्याच्या अक्षापासून बाहेर सरकला आहे. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का त्यामुळे मुळातल्यापेक्षा लांब तरफेने स्टिअरिंगला पिरगाळतो. कारखान्यातून निघताना ज्या भारासाठी चॅसीचा तो पत्रा घडवला होता, त्याच्या कितीतरी पुढे मी तिला ढकलत होतो, आणि वर सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सहज बदलता येणारा भागच अभेद्य करून बसलो होतो. माझ्या एका स्नेह्याने जिप्सीला बाहेरचे पॉवर स्टिअरिंग बसवले आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही, कारण दोन दगडांत चाक अडकले की माझ्या दंडातली ताकद आधी संपते. त्याच्या गाडीत हायड्रॉलिकचा जोर संपत नाही, काहीतरी तुटल्यावरच थांबतो.

चॅसीच्या दुरुस्तीला दोन दिवस लागले. स्टिअरिंग बॉक्स उतरवला, बॅटरीच्या तारा सोडवल्या, रंग खरवडून भेगेचे खरे टोक शोधले आणि तिथे बारीक भोक पाडले, म्हणजे भेग पुढे धावत नाही. मग भेग ग्राइंडरने इंग्रजी व्ही आकारात उघडून पूर्ण भरून वेल्ड केली आणि वरून पोलादाची पट्टी चढवली. ही पट्टी चौकोनी न कापता शंकरपाळ्याच्या आकारात कापली, कारण चॅसीवर सरळ आडवे वेल्डिंग केले की पुढची भेग त्याच रेषेत पडते. त्या आकाराची कल्पना उस्तादांची होती, आणि ती त्यांनी ट्रकांच्या चॅसीवर वर्षानुवर्षे काम करून कमावलेली होती.

त्यानंतर मी एन-८ चा दांडा काढून मूळ मापाचा दांडा पुन्हा बसवला. तसाच दुसरा एक दांडा, दोन्ही टोके लावून, लांबी जुळवून आणि लॉकनट आवळून मागच्या बाकाखाली कायमचा बांधून ठेवला आहे. नाल्यात बेचके शोधत बसण्यापेक्षा दोन स्प्लिट पिना आणि वीस मिनिटे पुरतात. नव्या थारवाल्यांना तर हाच मार्ग आहे, कारण पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे त्यांचे टाय रॉड आखूड असतात आणि आतला जोड रॅकला, म्हणजे स्टिअरिंगच्या दातेरी पट्टीला, भिडलेला असतो, तो झाडाला टेकवून सरळ करायची सोय नाही. दोन-तीन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून जागेवर वेल्डिंग करणारेही मी पाहिले आहेत. गाडीपासून बॅटऱ्या सोडवल्या आणि डोळ्यांना वेल्डिंगची खरी काच असली तर दांड्यावर नळीचे आवरण चढवून घरापर्यंत येण्यापुरते ते चालते, पण घडीव टाय रॉड एंडला वेल्डिंग लावणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही. वेल्डच्या शेजारची जागा ठिसूळ होते आणि तुटताना वाकून इशारा देत नाही.

डिसेंबरमध्ये मी पुन्हा कोंढाळीला गेलो, सोबत रंगवलेला नवा अँगल घेऊन. कुंपणाच्या त्या जागी काकांनी बांबू रोवला होता आणि तार त्याला घट्ट बांधली होती. अँगल पाहून ते म्हणाले, "ठेव तिकडे गोठ्यात. परत दांडा वाकला तं कापायला लागन न." मी दांडा सोबत आणल्याचे सांगितले. त्यांनी बाकाखाली वाकून तो पाहिला, हाताने उचलून वजन घेतले आणि विचारले, "हा वाकते का?" मी म्हटले, "वाकते." त्यावर त्यांनी मान डोलावली आणि अँगल स्वतःच उचलून गोठ्याकडे नेला.